कुणाबरोबर?

प्रवासाला निघालेल्या माणसाला विचारण्यासारखे प्रश्न थोडे का आहेत? कुठे चाललात, किती दिवस, वाटेत खायला काय घेतलेत! पण २०२५ च्या जानेवारीत, ‘मी चार दिवस कोकणात जाऊन येणार आहे,’ असे मी जाहीर केले, तेव्हा ज्याने त्याने मला एकच प्रश्न विचारला. “कुणाबरोबर?”

“एकटीच. गाडी घेऊन. तंबूत राहणार आहे.”

यावर समोरचे माणूस दोन क्षण थांबे, माझ्या तोंडाकडे पाही आणि पुन्हा विचारी, “हो, पण कुणाबरोबर?”

शेजारच्या वहिनींनी विचारले, धाकट्या जावेने विचारले, वाण्याने विचारले. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनी तर मला गॅलरीत नेऊन, “साहेबांशी काही बिनसलंय का?” म्हणून हळूच चौकशी केली. बिनसले काहीच नव्हते. साहेब त्या वेळी आतल्या खोलीत बसून माझ्या सामानाची यादी करीत होते. याद्या करणे हा ह्यांचा जुना छंद. कपड्यांची वेगळी, औषधांची वेगळी, आणि ‘गाडीत असावयाच्या वस्तू’ ही तिसरी, तिच्यात स्टेपनीच्या हवेपासून दोरखंडापर्यंत एकवीस कलमे होती. फक्त एकदा, यादीतून मान वर न करता हे म्हणाले, “मी येऊ का?” मी म्हटले, “नको.” त्यावर ‘का’ म्हणून ह्यांनी विचारले नाही. मीही सांगितले नाही.

वाचकांना मात्र सांगितले पाहिजे. मी एकोणसाठ वर्षांची बाई आहे. एकतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला आणि २०२४ साली निवृत्त झाले. आणि या एकोणसाठ वर्षांत एका छपराखाली मी एकटी अशी एक अख्खी रात्र कधी काढलेली नव्हती. माहेर सदाशिव पेठेतल्या वाड्यात, दोन खोल्या आणि नऊ माणसे; रात्री पाणी प्यायला उठायचे तर चार जणांना ओलांडावे लागे. लग्न होऊन आले ती सासू, सासरे, दीर असलेल्या घरात. पुढे कोथरूडला फ्लॅट झाला, पण सासूबाई होत्या, मुलगी होती, हे तर होतेच. आपल्याकडल्या बायकांना एकटेपणाची भीती वाटते असे म्हणतात. ती वाटते की नाही हे कळायलासुद्धा आधी एकटे राहायला मिळावे लागते!

गाडी मी त्रेपन्नाव्या वर्षी शिकले. शिकवणारा मुलगा माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा होता, आणि मी वर्गात जितक्या वेळा ‘लक्ष कुठे आहे?’ म्हटले असेल तितक्या वेळा त्याने ते मला महिनाभरात म्हणून दाखवले. तंबू मुलीने बंगळूरहून पाठवला. दोन माणसांचा, तीन-साडेतीन किलो वजनाचा, पिशवीत घातला की उशीएवढा. तो आम्ही प्रथम दिवाणखान्यात उभारला. सोफा भिंतीला सरकवला, टीपॉय गॅलरीत ठेवले. पहिल्या खेपेला पाऊण तास लागला, चौथ्या खेपेला बारा मिनिटे. हे घड्याळ धरून उभे होते. तंबूत शिरून पाहिल्यावर हे म्हणाले, “वा! आपली पहिली खोली याहून लहानच होती.”

निघण्याचा दिवस मी पंचांग पाहून ठरवला. मुहूर्तासाठी नव्हे हो, उजेडासाठी. माघातला शुद्ध पक्ष, द्वादशीला निघायचे आणि पौर्णिमेला घरी. म्हणजे तिन्ही रात्री चंद्र वर असणार. एकटी जाणार म्हणून फुशारकी मारायची आणि चंद्राला बरोबर घ्यायचे, ही लबाडी झाली हे मला मान्य आहे.

पुण्याहून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरायचे, हरिहरेश्वराजवळ बाणकोटची खाडी ओलांडायची, मग समुद्र उजव्या हाताला ठेवून केळशी, हर्णै, दाभोळ, गुहागर असे खाली सरकायचे आणि चिपळूणवरून कुंभार्ली घाटाने वर यायचे, असा बेत होता. सूर्य मावळण्यापूर्वी मुक्काम ठरलेला असला पाहिजे, पेट्रोल अर्ध्या टाकीखाली जाऊ द्यायचे नाही, कुणाच्या जागेत शिरायचे तर आधी विचारायचे आणि रोज सकाळी आठ नि संध्याकाळी सात वाजता फोन करायचा, हे चार नियम घरात ठरले. शिवाय फोनमधून आमच्या मुलीला माझी गाडी नकाशावर ठिपक्यासारखी दिसणार होती. आईचा ठिपका चहाला थांबला की बंगळूरहून फोन येई, “का थांबलीस?”

मुळशीच्या पाण्याकाठी मी पहिला चहा घेतला. १९२१ साली सेनापती बापटांनी जिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनींसाठी सत्याग्रह केला, ते हे पाणी. चहावाल्याने पेला पुढे केला आणि रस्त्याकडे पाहत विचारले, “साहेब मागून येतायत काय?”

ताम्हिणी घाटाने मला बजावल्याप्रमाणे वागवले. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे माझ्या शिक्षकाचे वाक्य. म्हणजे काय होते, की उतारावर गाडीला इंजिनच धरून ठेवते आणि ब्रेकवर सगळा भार येत नाही. माझ्यापुढची एक मोठी गाडी सारखे ब्रेक मारीत उतरत होती. तिच्या मागोमाग जळक्या रबरासारखा वास येत होता. मी मात्र दुसऱ्या गिअरमध्ये घुर्रघुर्र करीत उतरले. मागच्यांनी भोंगे वाजवले. वाजवोत बापडे.

खरी परीक्षा झाली ती बागमांडल्याच्या धक्क्यावर. बागमांडले रायगड जिल्ह्यात आणि समोरचे वेशवी रत्नागिरी जिल्ह्यात. मध्ये सावित्री नदीची रुंद खाडी. ती गाडीसकट फेरीबोटीने ओलांडायची. कोकणात या बोटी आल्याने केवढी सोय झाली आहे! २००३ साली दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये त्यातली पहिली सुरू झाली. त्याआधी खाडीपलीकडचे गाव हाकेच्या अंतरावर दिसत असून गाडीवाल्याला मैलोगणती वळसा पडे. सोय खरी, पण बोटीवरचा माणूस मला म्हणाला, “ताई, गाडी उलटी लावा.” म्हणजे उतारावरून, पाण्याच्या दिशेने, मागे मागे जात लोखंडी फळीवर चढायचे. क्षणात माझ्या गाडीभोवती सल्लागार मंडळ जमले. एक म्हणे डावीकडे मारा, दुसरा म्हणे सरळ येऊ दे, तिसरा नुसताच गाडीच्या पाठीवर थापा मारी. शेवटी मी काच खाली केली आणि वर्गातला आवाज लावला, “एकानेच सांगा!” मंडळ गप्प झाले. एकाने सांगितले आणि गाडी चढली. बोट सुटल्यावर तोच माणूस कौतुकाने म्हणाला, “जमलं की. मालक वर बसलेत काय?”

केळशीला पोचले तेव्हा साडेचार झाले होते. एका वाडीच्या मागल्या कुंपणाला लागून सुरूची झाडे, पुढे मऊ वाळू आणि समोर समुद्र. ओटीवर झोपाळ्यावर एक आजी बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या. मी परवानगी विचारली. माणसाने घर असताना बाहेर का निजावे हे त्यांना समजेना, पण ‘नाही’ म्हणाल्या नाहीत. मी मोठ्या उत्साहाने समुद्राच्या जवळ, सपाट ओलसर वाळूवर तंबू ठोकला. बारा मिनिटे! मागे वळून पाहते तो आजी काठी टेकीत येऊन उभ्या.

“आज तिथी काय?”

“द्वादशी.”

“मग पाऊणपट कर की.”

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी मला, एकतीस वर्षे भरती-ओहोटी शिकवलेल्या बाईला, हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजता भरती पुरी. द्वादशी म्हणजे बारा, बाराची पाऊणपट नऊ. रात्री नऊला आणि साधारण तसेच सकाळी भरती पूर्ण, अधल्यामधल्या सहा तासांनी ओहोटी. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, आणि तेव्हाचे पाणी सगळ्यांत वर चढणारे. आपल्या किनाऱ्यापुरता हा हिशेब ढोबळमानाने बरोबर येतो. चंद्रामुळे भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, हे मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिले होते. ते पाऊणपटीत बसवून तिथीला टांगता येते हे मला एकोणसाठाव्या वर्षी कळले. आजींनी काठीने वाळूवर वाळलेल्या काटक्यांची नि शिंपल्यांची एक वाकडी रेघ दाखवली. “हे कालचं पाणी. आज याच्याही वर येईल. याच्या मागे घे तुझं बिऱ्हाड. आणि माडाखाली नको, नारळ काय सांगून पडतो?”

बिऱ्हाड मागे घेतले. रात्री मेतकूट-भात शिजवला. गॅसची चिमुकली शेगडी तंबूच्या बाहेरच पेटवायची, आत कधी नाही, हे ह्यांच्या यादीत लाल शाईने होते. साडेआठला बॅटरीचा उजेड हलत हलत आला. आजींचा नातू, वय वर्षे नऊ, बगलेत वळकटी.

“आजीनं सोबतीला पाठवलंय. पण मला झोप लागली की उठवायचं नाही.”

सोबत! हा शब्द मी किती वर्षांनी ऐकला. आमच्या लहानपणी वाड्यात कुणाचे यजमान परगावी गेले की रात्री दुसऱ्या बिऱ्हाडातले एखादे पोर तिकडे निजायला जायचे. त्या पोराचा चोरापुढे काय उपयोग होणार होता हे कुणी विचारीत नसे. ‘सोबत आहे’ म्हटले की झाले. मुलगा मोठा बोलका होता. केळशीची ती प्रसिद्ध वाळूची टेकडी त्याने मला चांदण्यात लांबून दाखवली आणि सांगितले की ती त्सुनामीने आणून टाकली आहे. हे त्याच्या पदरचे नव्हते. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. अशोक मराठे यांनी त्या टेकडीचा अभ्यास करून, ती समुद्राच्या प्रचंड लाटेने साठवलेली वाळू असल्याचे मत मांडले आहे. एवढे सांगून आमची सोबत पाच मिनिटांत घोरू लागली, आणि मी समुद्राचा आवाज ऐकत टेकडीचा विचार करीत पडले. पण सांगायची गोष्ट ही, की थोड्या वेळाने मीसुद्धा गाढ झोपले. शेजारी नऊ वर्षांचे पोर निजले आहे, एवढ्याने. सकाळी तंबूच्या आतल्या बाजूला दवासारखे थेंब साचले होते. आपलाच श्वास! झरोके उघडे ठेवायला हवे होते.

तर पहिली रात्र हिशेबात धरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आंजर्ले, हर्णै असे रमत गेले. हर्णैच्या समोर पाण्यात बसलेला सुवर्णदुर्ग पाहिला, मासळीचा वास पोटभर घेतला. आम्ही शाकाहारी, म्हणून वासच. पुढे मुरूड लागले. महर्षी कर्व्यांचे गाव. धोंडो केशव कर्वे मुलगे असताना परीक्षेसाठी याच मुरूडहून सोबत्यांबरोबर डोंगर तुडवीत थेट साताऱ्याला चालत गेले होते, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे त्यांनीच १९१६ साली बायकांचे विद्यापीठ काढले. मी त्याच परंपरेतल्या कॉलेजात शिकले. त्यामुळे गावातून जाताना गाडी उगाचच हळू झाली.

दाभोळची बोट मी एका दमात उलटी चढवली, याची नोंद व्हावी.

गुहागरला एका खाणावळीच्या मागच्या वाडीत जागा मिळाली. मालक चटपटीत, त्यांना तंबूवाली माणसे नवी नव्हती. “कुणाबरोबर?” झाले, आणि ते आपल्या कामाला निघून गेले. सोबत वगैरे काही नाही. मी तंबू उभारला, भाताला आधण ठेवले, आणि सातच्या सुमारास समुद्रावरून जो वारा सुटला तो असा, की खुंट्या वाळूतून लोण्यातून सुरी निघावी तशा निघाल्या. तंबू एका कुशीवर पडला, दुसऱ्या कुशीवर गेला आणि माझ्या डोळ्यांदेखत शेगडीवरचे पातेले आडवे करून कुंपणाला जाऊन भिडला. मी धावले. कापड गोळा करून, दगड ठेवून, वाळू झटकीत गाडीत येऊन बसले आणि चारही दारे बंद केली. सातचा फोन मी साडेसातला केला. “सगळं ठीक,” म्हटले.

वारा दहाच्या आत पार पडला. स्वच्छ चांदणे होते. बाहेर पडून तंबू पुन्हा उभारायला बारा मिनिटे लागली असती. मी दार उघडले नाही. खाणावळ सत्तर-ऐंशी पावलांवर होती, तिथला दिवा दिसत होता, आणि तरी हात दाराच्या कडीकडे जाईना. सीट मागे पाडून, गोधडी हनुवटीपर्यंत ओढून मी ती रात्र काढली, आणि जे तीन वर्षे कुणाला सांगितले नव्हते ते स्वतःला सांगितले.

२०२२ च्या पावसाळ्यात ह्यांचे हृदयाचे ऑपरेशन झाले. पहिल्या रात्री रुग्णाला अतिदक्षता विभागात ठेवतात, नातेवाइकांनी थांबून उपयोग नसतो. “घरी जाऊन झोपा,” असे मला सांगितले. मुलगी दुसऱ्या दिवशी पोचायची होती. मी घरी आले. कुलूप उघडले, आत पाऊल टाकले आणि सगळ्या खोल्यांतले दिवे लावले. मग टीव्ही लावला. मग स्वयंपाकघरात उभी राहिले. आमच्या घरात फ्रिजचा आवाज येतो हे मला त्या रात्री प्रथम समजले. साडेअकराला मी सिंहगड रस्त्यावरच्या बहिणीला फोन केला, आणि ती बिचारी भर पावसात रिक्षा करून आली. तिच्या कुशीला निजले. मी, कोयना धरणापासून सगळे तोंडपाठ असलेली बाई नव्हे का! पण त्या रात्री ह्यांच्या काळजीपेक्षा एक निराळीच गोष्ट मला खात होती, आणि तिची मला शरम वाटत होती. हे गेले तर काय, असे नव्हे. हे गेले तर ‘रात्री काय’, असे मनात येत होते.

हे बरे होऊन घरी आले. आता रोज चार किलोमीटर चालतात. ऑपरेशनबद्दल आम्ही बोलतो, पथ्याबद्दल बोलतो, बिलाबद्दल अजून बोलतो. पण आमच्यापैकी एक जण कधीतरी मागे राहणार आहे, हे आम्ही एकमेकांना कधी म्हटलेले नाही. म्हणून मी तंबू घेऊन निघाले होते. आणि म्हणूनच ‘मी येऊ का?’ ला ‘नको’ म्हटले होते. बंद गाडीत बसून हे सगळे स्पष्ट दिसत होते, फक्त दार उघडता येत नव्हते.

सकाळी वाडीत माडांना पाणी घालायला आलेल्या गड्याने माझा चुरगळलेला तंबू पाहिला आणि हसू आवरीत म्हणाला, “बाई, वाळूत खुंटी उभी कशाला ठोकता? निजवायची.” मग त्याने करून दाखवले. कापडी पिशवीत वाळू भरायची, तिच्या गळ्याला तंबूची दोरी बांधायची आणि पिशवी हातभर खोल पुरून वरून वाळू दाबायची. मी दोन्ही हातांनी ओढून पाहिले, हलली नाही. भाजीच्या चार पिशव्या गाडीत होत्याच. ह्यांच्या यादीतले सतरावे कलम.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास हेदवीला बामणघळ पाहिली. खडकातली एक अरुंद चीर. भरतीचे पाणी तिच्यात कोंडते आणि तोफेसारखा आवाज करीत कितीतरी वर उसळते. चतुर्दशी होती. चौदाची पाऊणपट साडेदहा. मी वेळ साधून गेले होते, आणि तिथे आलेल्या एका कुटुंबाला तिथीचा हिशेब अशा ऐटीत समजावून सांगितला, की जणू तो माझ्या आज्याने शोधून काढला असावा.

त्या रात्रीच्या गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर पुढच्या हिवाळ्यात तिथे चाळीस तंबू दिसतील. लहानशी पुळण, दोन्ही बाजूंना काळे खडक, मागे केवड्याचे बन. जागेचे मालक म्हणजे साठीचे गृहस्थ, घर वर टेकाडावर, चालत दहा मिनिटे. मी परवानगी विचारली. त्यांनी गाडीत डोकावून पाहिले.

“एकट्याच?”

“एकटीच.”

“बरं,” ते म्हणाले. “विहीर डाव्या हाताला आहे.” आणि निघून गेले. चार दिवसांत मला पहिल्यांदाच कुणी ‘बरं’ म्हटले होते. खरे सांगते, मला थोडे वाईटच वाटले!

तंबू शिंपल्यांच्या रेघेच्या चांगला मागे घेतला, चारी पिशव्या पुरल्या. झरोके उघडे ठेवले. सातचा फोन टेकाडाच्या निम्म्यावर चढून केला, कारण खाली आवाजच पोचत नव्हता. “इथे फोन लागत नाही, आता सकाळी आठला,” म्हटले. ठिपकाही नकाशावरून नाहीसा होणार होता. पलीकडे हे थोडे थांबले. “बरं,” म्हणाले. त्या दिवसातला दुसरा ‘बरं’.

मग अंधार पडला, म्हणजे पडायला हवा होता, पण चंद्र एवढा मोठा की केवड्याचे काटे मोजून घ्यावेत. तरी भीती वाटायची ती वाटलीच. चांदण्यात सावल्या फार काळ्या दिसतात, हे मला पंचांग पाहताना सुचले नव्हते. बनात काहीतरी सळसळले की मी तिकडे बॅटरी मारी. बॅटरी मारली की तेवढाच गोल दिसे आणि बाकीचे सगळे अधिकच काळे होई. शेवटी बॅटरी विझवली. ती विझवल्यावर हळूहळू सगळेच दिसू लागले, खडक, पाणी, माझी गाडी, तिच्या काचेवरचा चंद्र.

काहीतरी काम हवे म्हणून मी एक काठी घेतली आणि पाणी जिथे थांबेल असे वाटले तिथे वाळूत रोवली. आठ वाजले, नऊ वाजले. प्रत्येक लाट थोडी वर. दहाला पाणी काठीपासून दहा पावलांवर, सव्वादहाला चार. मी घड्याळ आणि काठी यांच्याकडे आळीपाळीने पाहत होते, जणू परीक्षेचा पेपर. दहा पस्तीसला एक लाट आली, काठीच्या बुडाला फेस लावून गेली. त्यानंतरच्या दहा-बारा लाटा तिथपर्यंत आल्याच नाहीत. अकराला पाणी उघडच मागे निघाले होते. मी मोठ्याने ‘शाबास’ म्हटले. कुणाला ते ठाऊक नाही. ऐकायला कुणी नव्हते, आणि कुणी नाही हे मला म्हटल्यानंतर आठवले. दोन-अडीच तास मी ते विसरले होते.

झोप लागली. तीनच्या सुमाराला डोक्याशी खर्र-खर्र असा आवाज आला आणि मी ताठ उठून बसले. छातीत धाडधाड. ‘कोण?’ म्हणून विचारले तर घशातून शब्दच फुटेना. पुन्हा खर्र-खर्र. दार उघडायचे की नाही, हा काल रात्रीचाच प्रश्न. फरक इतकाच की गाडीला कडी असते. तंबूला चेन असते, आणि चेन बंद ठेवून कुणापासून बचाव होणार? उघडली. बॅटरीच्या उजेडात एक लहानसा पांढुरका खेकडा, डोळे दोन काड्यांवर उभे, एक नांगी तंबूच्या कापडावर टेकून माझ्याकडे पाहत होता. मी पाहिले, त्याने पाहिले, आणि तो तिरपा पळाला. मला हसू आले. मग बाहेरच येऊन बसले. समुद्र खूप लांब गेला होता. थोडा वेळ बसले आणि पुन्हा जाऊन झोपले, ती सहाला जाग आली. एवढीच गोष्ट. यापेक्षा थरारक काही घडले नाही, त्याला माझा इलाज नाही.

परतीची वाट चिपळूणवरून कुंभार्ली घाटाची. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढले; चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते हा नियम उतरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत आहे. पाटण, उंब्रज, सातारा करीत संध्याकाळी सहाला कोथरूड गाठले.

जिन्यात शेजारच्या वहिनी भेटल्या. “आलात? बरं झालं. भाऊजींची तब्येत बरी नव्हती का हो? तिन्ही रात्री तुमच्या दिवाणखान्यातला दिवा पहाटेपर्यंत चालू होता. टीव्हीपण. विचारू म्हटलं, पण…”

घरात आले. सगळे जागच्या जागी होते. इतके, की आवरून ठेवलेले कळत होते. ओट्यावर कुकरमध्ये दुपारचा भात होता, खिरीसारखा. ह्यांनी माझी बॅग उचलून आत नेली, तंबूची पिशवी हुंगून ‘वाळवायला हवा’ म्हणाले, आणि चहा होईपर्यंत मला एकच विचारले, “भीती वाटली?”

“वाटली,” मी म्हटले. “तुम्हाला?”

हे चष्मा पुसू लागले. बराच वेळ पुसला. मी दिवाणखान्यात जाऊन सोफ्याच्या कोपऱ्यावर घडी करून ठेवलेली ह्यांची चादर आणि उशी उचलली, आतल्या खोलीत पलंगावर ठेवली. वहिनींनी सांगितलेले काही बोलले नाही.

जेवणे झाल्यावर ह्यांनी वही काढली. एकवीस कलमांची यादी उघडली, कापडी पिशव्यांपुढे बरोबरची खूण केली, दोरखंडापुढे फुली. मग म्हणाले, “पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार असशील…”

“तर?”

“तर भाताला पाणी किती घालायचं ते एकदा नीट लिहून ठेव.”

मी त्यांच्या हातून पेन घेतले आणि बाविसावे कलम लिहिले. तांदूळ एक वाटी, पाणी दोन वाट्या, शिट्ट्या तीन.